"मग तुम्हालाच का काढलं?" याला इंटरव्ह्यूत काय उत्तर देता?

बिनपगारी

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज आयडी काढला. नावावरून विषय कळला असेलच.

नऊ वर्षं एकाच कंपनीत होते, क्वालिटीमध्ये. पाच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला कॅलेंडरवर मीटिंग येऊन पडली, नाव नुसतं 'क्विक सिंक', त्यात माझा मॅनेजर आणि एचआरमधली एक मुलगी जिला मी आधी कधी बघितलंही नव्हतं. आठ मिनिटं. ती कागदावरून वाचत होती हे कळत होतं कारण माझं आडनाव तिने चुकीचं वाचलं आणि शेवटपर्यंत तसंच वाचत राहिली. कॉल संपला तेव्हा लॅपटॉप लॉक झालेला. त्याआधी मी एका सप्लायरला मेल लिहीत होते, "सोबत जोडलेल्या" इथपर्यंत आले होते. ते वाक्य अजून कुठेतरी ड्राफ्टमध्ये पडलं असेल. आणि खरं सांगते, पुढचे दोन दिवस नोकरी गेली याच्यापेक्षा त्या माणसाला आता रिपोर्ट कोण पाठवणार याचीच काळजी वाटत होती, वेडेपणा नुसता.

असो. आता मुद्द्याचं. आम्ही टीममध्ये अकरा जण, सात गेलो, चार राहिले. इंटरव्ह्यूला गेलं की सगळं नीट चालतं आणि मग तो प्रश्न येतोच, "लेऑफ? अच्छा. पण मग बाकीच्यांना ठेवलं ना?" एकाने तर पेन खाली ठेवलं. म्हणजे अगदी शब्दशः, लिहीत होता आणि पेन ठेवून दिलं. मी त्यानंतर पंधरा मिनिटं बोलले असेन, कंपनीची परिस्थिती, मार्केट, नवीन मॅनेजमेंट, सगळं सांगितलं, आणि जितकं बोलत गेले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. एका रिक्रूटरने फोनवर सरळ सांगितलं की क्लायंटला 'सध्या काम करत असलेलेच' कॅन्डिडेट हवेत. आता काम करत असते तर काम कशाला शोधलं असतं हो, पण असं उत्तर तेव्हा सुचत नाही.

मैत्रीण म्हणते रेझ्युमेवर शेवटची तारीख टाकूच नको, 'टिल डेट' ठेव, कोण बघतंय. करू का तसं? आणि दुसरं, रोज रात्री त्या चार जणांची नावं डोक्यात फिरतात. अमक्याच्या किती चुका मी निस्तरल्यात, तमकी तर माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेली. हे कसं थांबवायचं?

(घरी नवऱ्याला माहीत आहे, सासऱ्यांना नाही. त्यांना वाटतं मी घरून काम करते. रोज साडेनऊला आवरून दार लोटून बसते. हे लिहितानाच लाज वाटतेय.)

उलटी गंगा

'टिल डेट' ठेवा बिनधास्त. कंपन्या आठ मिनिटांत माणसं काढणार आणि आपण तारखा खऱ्या लिहायच्या? सगळे तेच करतात.

मोजपट्टी

उलटी गंगा, राग समजू शकते पण हा सल्ला महागात पडतो. माझ्या आधीच्या ऑफिसमधल्या एकाचं असंच झालं, चार महिन्यांचा फरक होता फक्त. ऑफर आली, त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जुन्या कंपनीने खरी तारीख कळवली. ऑफर गेली. लेऑफमुळे नाही गेली, तारखेमुळे गेली. लेऑफ तर त्यांना चालला असता असं नंतर तिथल्याच माणसाकडून कळलं, ते ऐकून तो जास्त खचला.

टेबलापलीकडचा

मी त्या पेनवाल्याच्या जातकुळीतला माणूस आहे. बारा-तेरा वर्षं माणसं घेतोय, तेव्हा जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तारीख खरी लिहा. मोजपट्टी यांनी सांगितलंच आहे, त्यावर आणखी काही लिहीत नाही.

आता तो प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात काय असतं बघा. मला तुमचं काम माहीत नाही, एका तासात कळणारही नाही. तुमच्या जुन्या मॅनेजरला मात्र नऊ वर्षांत कळलेलं असणार. त्याच्याकडे कोणाला ठेवायचं हे निवडायची मुभा होती आणि त्याने तुम्हाला सोडलं, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असेल जे मला ठाऊक नाही. एवढाच हिशेब. गिबन्स आणि काट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली हेच दाखवलं होतं. कारखानाच बंद पडला म्हणून ज्यांची नोकरी गेली ते एका बाजूला आणि कारखाना चालू असताना ज्यांना निवडून कमी केलं ते दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. तर निवडून काढलेल्यांना पुढची नोकरी मिळायला वेळ जास्त लागला आणि पगारही जास्त घसरला. म्हणजे डाग 'नोकरी गेली' याचा नसतो, 'निवडून काढलं' याचा असतो. म्हणून तुम्ही मार्केट, मॅनेजमेंट वगैरे पंधरा मिनिटं सांगितलं तरी समोरच्याचा प्रश्न तसाच राहतो. त्याला फक्त निवड कशी झाली ते हवं असतं.

आणि निवड कशी होते ते मी सांगतो, कारण मी ती लिस्ट केलेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी एक एक्सेल आली. त्यात नावं नव्हती, माझ्या टीमसमोर एक रक्कम होती, एवढी कमी करा, सोमवारी दुपारपर्यंत नावं द्या. मी पहिल्यांदा काय केलं तर पगाराच्या कॉलमला फिल्टर लावला. दोन चांगल्या माणसांना सोडलं की आकडा बसत होता, नाहीतर पाच जणांना सोडावं लागलं असतं. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगलं काम करायची, हे मी आज लिहू शकतो, तेव्हा तिला सांगू शकलो नाही कारण आम्हाला लिहून दिलेल्या ओळींपलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. तुमच्या आडनावाची वाट लावणारी ती मुलगी बहुधा त्या दिवशी तिसावा कॉल करत असेल. तिची बाजू घेत नाहीये, तुमचं आडनाव तिने आधी बघून घ्यायला हवं होतं.

माझा एकच प्रश्न. जे चार राहिले ते कुठल्या कामावर होते?

बिनपगारी

@टेबलापलीकडचा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता थांबले.

चारही जण नव्या लाइनवर होते. आम्ही सात जुन्या लाइनवर. सातच्या सात. आणि ती लाइन आता बंदच करतायत असं मागच्या महिन्यात एकीकडून कळलं होतं, मी ऐकून सोडून दिलं. पाच महिने मी त्या चौघांच्या चुका मोजत बसले होते आणि कोण कुठल्या लाइनवर होतं हे एकदाही डोक्यात आलं नाही.

टेबलापलीकडचा

मग हेच तुमचं उत्तर. दोन वाक्यं, जास्त नाही. "आमच्या कंपनीने जुनी लाइन बंद केली, त्यावर क्वालिटीचे सात जण होतो, सातही पदं रद्द झाली. तिथे मी अमुक काम बघायचे आणि तुमच्याकडे तेच काम दिसलं म्हणून अर्ज केला." आणि गप्प बसायचं. ही गप्प बसायची तीन सेकंद फार जड जातात, तिथेच लोक पुन्हा मार्केट वगैरे सुरू करतात. आरशासमोर नको, कोणालातरी समोर बसवून दहा वेळा म्हणा, तोंडात बसलं पाहिजे.

आणखी एक. तुमच्या पोस्टमध्ये शीर्षकापासूनच 'काढलं' आहे. आपल्या भाषेत 'मला काढलं' आणि 'माझं पद गेलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'काढलं' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो का काढलं. कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि तेच शब्द वापरा.

सायंतारा

टेबलापलीकडचा यांना अनुमोदन, आणि थोडी भर घालते कारण माझा विषयच हा आहे (सहन करा).

आधी वाईट बातमी. गॅपचा परिणाम हा नुसता मनाचा खेळ नाही. अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १२,००० बनावट रेझ्युमे तयार करून ३,००० जाहिरातींना पाठवले, फरक मुख्यतः किती महिने नोकरी नाही एवढाच. २०१३ साली निकाल छापून आला. महिने वाढतात तसे इंटरव्ह्यूचे फोन कमी होतात, आणि ही घसरण बरीचशी पहिल्या आठ महिन्यांतच होते, त्यापुढे फारसा फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या पाच महिन्यांना अर्थ आहे, 'जरा सावरते मग अर्ज करते' असं करू नका. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की जिथे बेकारी जास्त तिथे गॅपचा फटका कमी, कारण तिथे मालकालाही कळतं की माणूस नाही, बाजारच वाईट आहे. म्हणून 'लाइन बंद झाली' हे सांगणं महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या एका टीमने २०११ मध्ये असंच काहीसं बघितलं होतं. नोकरी स्वतः सोडली की लेऑफ झाला याने बेकार माणसाबद्दलच्या लोकांच्या मतात फरकच पडत नव्हता, पण कंपनीच बुडाली असं कळलं की तो डाग फिका व्हायचा.

आता बरी बातमी. अर्थशास्त्रज्ञ फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर असाच प्रयोग केला, ऑफिस कामाच्या जागांसाठी, पदवीधर बायकांच्या नावाने. त्यात गॅपचा परिणाम सापडलाच नाही. उलट ज्यांनी मधल्या काळात खालच्या दर्जाचं काहीतरी काम धरून ते रेझ्युमेवर लिहिलं होतं त्यांना फोन कमी आले. आणि वय जास्त दिसलं तर कमी, ते एक आहेच. म्हणजे पोटासाठी जे मिळेल ते काम जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही, पण रेझ्युमेवर सगळ्यात वर तेच यायला हवं असं नाही.

उलटी गंगा

बाई, तुम्ही आकडे फार चांगले सांगता पण यातून नोकरी कशी लागते ते सांगा की.

सायंतारा

हा हा, घ्या मग. जुन्या जिवलग मैत्रिणींना नाही, ओळखीच्या माणसांना मेसेज करा. समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की कामाची बातमी पातळ ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर हे तपासलं तेव्हा थोडी दुरुस्ती निघाली. अगदी अनोळखीही नाही आणि घट्टही नाही, मधली ओळख सगळ्यात उपयोगी, साधारण दहाएक सामाईक ओळखी असलेली. बिनपगारी, तो सप्लायर आठवतोय का, अर्धवट मेलवाला? तो असाच माणूस आहे.

मोजपट्टी

सप्लायरचं भारी सुचलं.

मी रोजच्या दिवसाबद्दल लिहिते कारण माझं अकरा महिने चाललं होतं. संपून दीड वर्ष झालं तरी जुन्या ऑफिसचं कार्ड अजून पर्समध्ये आहे, फेकवत नाही.

माझी चूक अशी की मी सकाळी आठपासून रात्री बारापर्यंत 'शोधत' होते. खरं तर पान रिफ्रेश करत होते. दिवसाला चाळीस अर्ज, एकाचंही उत्तर नाही, आणि संध्याकाळी कोणी विचारलं की खेकसायचं. मग बहिणीने घड्याळ लावून दिलं, सकाळी तीन तास, त्यानंतर लॅपटॉप तिच्या खोलीत. त्या तीन तासांत चारच अर्ज पण चारही नीट. बाकीच्या दिवसाला काहीतरी ठरलेलं लागतं, नाहीतर वेळ असूनही काहीच होत नाही. ऑस्ट्रियात मारियेन्थाल नावाच्या गावातली गिरणी बंद पडली तेव्हा १९३१-३२ मध्ये मारी याहोडा आणि इतर संशोधकांनी तिथे जाऊन नोंदी केल्या होत्या. रिकामा वेळ उदंड, पण लायब्ररीतून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली. आणि रस्त्यावरून जाणारी पुरुष माणसं हळू चालायला लागली, मध्येच थांबायला लागली, त्यांनी अक्षरशः घड्याळ लावून चाल मोजली होती. हे वाचलं तेव्हा मला स्वतःचंच चालणं दिसलं. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, पाय दुखतोय का.

आणि रात्रीची ती नावं फिरतात ना, ती लिहून काढा. कोणाला दाखवायची नाहीत. डॅलसमध्ये नोकरी गेलेल्या इंजिनिअर्सना रोज वीस मिनिटं, पाच दिवस, नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं होतं (१९९४ मध्ये छापून आलेला प्रयोग, मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर त्यात होते). लिहिणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते. मला वाटतं राग कागदावर उतरला की तो इंटरव्ह्यूत तोंडातून बाहेर पडत नाही. माझा पडायचा. एका ठिकाणी जुन्या मॅनेजरबद्दल विचारलं तर मी सात मिनिटं बोलले होते, पॅनलवरची बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती आठवली की अजून कसंतरी होतं.

सासऱ्यांचं मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा. पण दार लोटून बसण्यात खूप ताकद जाते हो.

कोरा कागद

मध्येच घुसतोय, माफ करा. मला आज दुपारी कॉल आला. सही करायला कागद पाठवलेत, उद्या संध्याकाळपर्यंत हवेत म्हणे. डोकं चालत नाहीये. काय करू?

टेबलापलीकडचा

आज सही करू नका. मेलवर लिहून थोडे दिवस मागा, "वाचून कळवतो" इतकंच, बहुतेक वेळा मिळतात. कागदांत नोकरी संपण्याचं कारण काय शब्दांत लिहिलंय ते बघा, मोघम असेल तर 'पद रद्द झाल्यामुळे' असं लिहून मागा, तेच पुढे व्हेरिफिकेशनला कामाला येतं. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, जे तुमच्या स्वतःचं आहे ते मागून घ्या. कंपनीच्या फायली मात्र घेऊ नका, रागाच्या भरात सुद्धा नाही. मॅनेजरशी बरं असेल तर पुढच्या आठवड्याभरात, त्याला वाईट वाटतंय तोपर्यंत, शिफारसपत्र मागा. महिन्याने तो विसरेल, मी विसरलो होतो. नोटीस किती आणि भरपाई किती हे तुमच्या करारावर आणि तिथल्या कायद्यावर आहे, ते जाणकाराला दाखवा, इथे विचारू नका. आणि आज रात्री लिंक्डइनवर काही लिहू नका.

कोरा कागद

धन्यवाद. लिहायलाच बसलो होतो.

उलटी गंगा

त्यावरून आठवलं, ती प्रोफाइलच्या फोटोभोवतीची हिरवी पट्टी, 'ओपन टू वर्क'वाली, लावावी का? मला तर गळ्यात पाटी अडकवल्यासारखं वाटतं.

टेबलापलीकडचा

मला स्वतःला काही वाटत नाही, पण नाक मुरडणारे आहेत, नाही म्हणणार नाही. संकोच वाटत असेल तर सेटिंगमध्ये फक्त रिक्रूटरनाच दिसेल असं करता येतं, मग फोटोवर पट्टी येत नाही. तुम्हीपण शोधताय का?

उलटी गंगा

सात महिने. म्हणून तर पहिल्यांदा तसा प्रतिसाद दिला. माझं स्वतःचं 'टिल डेट'च आहे अजून. आज बदलतो.

बिनपगारी

तीन आठवड्यांनी येतेय. नोकरी लागलेली नाही, आधीच सांगते.

पण काल एक इंटरव्ह्यू झाला. प्रश्न आला. दोन वाक्यं म्हटली आणि गप्प बसले. ती तीन सेकंद म्हणजे काय असतं बाबा, टेबलाखाली स्वतःचाच अंगठा दाबून धरला होता. समोरची बाई म्हणाली, "हो, आमच्याकडेही मागच्या वर्षी असंच एक युनिट गेलं," आणि पुढचा प्रश्न विचारला. कॅलिब्रेशनबद्दल! चाळीस मिनिटं नुसतं कामाबद्दल बोललो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की पाच-सहा महिन्यांत मी माझ्या कामाबद्दल कोणाशी बोललेच नव्हते.

हा इंटरव्ह्यू सप्लायरकडूनच आला बरं का सायंतारा. त्याला मेसेज केला तर तो म्हणाला, अहो तुमचा रिपोर्ट अजून आलेला नाही!

आणि सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, नऊ वर्षं तुझं दिवसभर भांडण ऐकू यायचं फोनवर, एकदम सगळं शांत कसं होईल. आता दार उघडं असतं. ते दर अर्ध्या तासाने येऊन काहीतरी विचारतात ही वेगळी अडचण झालीय.

आता एक शेवटचं विचारते. दुसऱ्या राउंडआधी त्यांनी ऑनलाइन फॉर्म पाठवलाय, त्यात 'नोकरी सोडण्याचं कारण' याला तीनच पर्याय आहेत, रिझाइन्ड, टर्मिनेटेड, अदर. रिझाइन तर केलं नाही. टर्मिनेटेडवर क्लिक करायला हात होत नाही.

टेबलापलीकडचा

तुमच्या पत्रात काय लिहिलंय?

बिनपगारी

थांबा, काढते. "पुनर्रचनेमुळे पद रद्द."

टेबलापलीकडचा

मग 'अदर' घ्या आणि खालच्या चौकटीत तेच चार शब्द टाका, तारखेसकट.

बिनपगारी

तीनच शब्द आहेत हो. टाकले.